उजव्या कोपऱ्यातली तारीख

॥ श्री ॥
निंबटाकळी, पो. तेलगाव
१४ ऑक्टोबर १९९७

चि. सौ. जगदेवीस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती तुझ्या यजमानांविरुद्ध आहे. धाकट्या बहिणीकडे तिच्या नवऱ्याची तक्रार करू नये, एवढा व्यवहार मला कळतो. पण प्रसंगच तसा आहे.

बसवेश्वररावांनी पाठवलेली कॅसेट काल आमच्या मुख्याध्यापकांच्या, म्हणजे मोहनरावांच्या घरी लावून पाहिली. चित्र उत्तम, आवाज उत्तम. परंतु पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, पिवळ्याजर्द आकड्यांत, तारीख! आणि तिच्या शेजारी घड्याळ. मी खुर्चीवर बसलो आहे, हजेरीपट उघडतो आहे, मुद्रा गंभीर आहे (एरवी साधत नाही, त्या दिवशी साधली होती), आणि माझ्या गुडघ्यापाशी ६-१०-९७, ११:०४. लगेच ११:०५. पाहणाऱ्याने माझ्या मुखाकडे पाहावे की गुडघ्याकडे? तुझी वहिनी म्हणाली, तिचं लक्ष तरी गुडघ्याकडेच होतं. बावीस वर्षांच्या संसाराचं हे फळ.

तरी हे आकडे काढून टाकण्याची काही युक्ती असल्यास बसवेश्वररावांनी ती अवश्य योजावी.

बाकी शूटिंगचा दिवस झकास गेला. तुझ्या यजमानांना लग्नांच्या शूटिंगची इतकी सवय, की वर्गात शिरताच त्यांनी हुकूम सोडला, "मुलाकडचे इकडं, मुलीकडचे तिकडं!" पोरं मुकाट्याने तशी बसली. मग कॅमेरा सुरू झाला आणि सगळा वर्ग दगडाचा झाला. फोटो काढतात असं समजून एकही पापणी हलेना. बद्रीनाथने तर कुणाचासा काळा गॉगल आणला होता. तो काढायला लावला तेव्हा म्हणाला, "सर, डोळे मिटले तर दिसू नयेत म्हनून घातलाय."

फिल्मची कल्पना माझी नाही, हे तुला सांगून ठेवतो. बीडला १० जानेवारीला शाळांचं प्रदर्शन आहे. त्यात यंदा प्रथमच 'आमचा वर्ग' या विषयावर दहा मिनिटांची व्हिडिओ फिल्म मागवली आहे. मी सात पानांचं निवेदन लिहिलं. आरंभी नांदी, मग सूत्रधार, मग ग्रामवर्णन. नववी 'ब'मधली सत्यशीला, चौदा वर्षांची पोर, तिने ते पूर्ण वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. म्हणाली, "सर, येवढं कोन ऐकनार? तुमी नुसती हजेरी घ्या."

तिची योजना अशी: दसऱ्याआधी भरलेल्या वर्गात मी हजेरी घ्यायची, शेहेचाळीस नावं, शेहेचाळीस आवाज. मग ऊसतोडीच्या गाड्या गेल्या, की कॅमेरा त्याच जागी ठेवून तीच नावं पुन्हा घ्यायची. निवेदन नाही, संगीत नाही.

सत्यशीलेचे आईवडीलही टोळीबरोबर जातात. ती दरवर्षी जाते, तिकडे स्वयंपाक करते, धाकट्या भावाला सांभाळते. यंदा तिला राहायचं आहे. तिची आई छबुबाई शाळेत येऊन मला बजावून गेली: "सर, फिलिम बीडला लागनार आसंल तर ऱ्हाऊ द्या तिला मावशीपाशी. न्हाई लागली, तर पौषात मुकादमाची गाडी ऱ्हायलेली मानसं न्यायला येती. तिच्यात बसवीन तिला." तेव्हा या पोरीचं वर्ष आता तुझ्या नवऱ्याच्या कॅमेऱ्याला टांगलेलं आहे, हे त्यांना सांग. तारखेचंही सांग.

तुझा,
रुद्रप्पा


कडा
२२ ऑक्टोबर १९९७

ती. रु. अण्णांस सा. न.

पत्र मिळालं. यांना वाचून दाखवलं. गुडघ्याचं ऐकून दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा हसली.

पण तारीख काढायचं नाव घेतलं आणि हे एकदम गंभीर झाले. त्याचं कारण असं. चार वर्षांमागं आष्टीकडच्या एका लग्नात मुहूर्त टळला म्हणून वरपक्षानं भांडण काढलं. पुढं पोरीला नांदवायचं नाही म्हणेपर्यंत गोष्ट गेली. तेव्हा यांनी कॅसेट लावून दाखवली, अक्षता पडल्या तेव्हा कोपऱ्यात बारा एकोणतीस, आणि मुहूर्त बारा एकतीसचा. दोन मिनिटं आधीच! पोरगी नांदायला गेली. तेव्हापासून आमच्या स्टुडिओचा नियमच आहे, तारीख आणि वेळ बंद करायची नाही. त्या बटणावर यांनी चिकटपट्टी लावलीय. लोक आता तारखेसाठीच आमच्याकडं येतात.

आणि कॅसेटवर एकदा उमटली की ती निघत नाही, अण्णा. ती चित्रातच शिरलेली असते.

तुला तुझ्या मुद्रेची लई काळजी, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. शाळेच्या ग्रुप फोटोत मान तिरकी आली म्हणून तू दोन दिवस जेवला नव्हतास. पण या फिल्ममध्ये तुला कोण बघणार आहे? लोक पोरांना बघतील.

दुसऱ्या शूटिंगचं कळव. तुळशीची लग्नं लागली की यांना उसंत नाही, पण मग मी येईन. हळदीला बायकांत कॅमेरा मीच धरते, माझा हात यांच्यापेक्षा स्थिर आहे असं हेच म्हणतात (गिऱ्हाइकांसमोर म्हणत नाहीत).

तुझी,
जगू


निंबटाकळी
५ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. जगदेवीस आशीर्वाद.

भाऊबीजेला तू आली नाहीस, तुझ्या वाटणीच्या करंज्या मी कर्तव्यबुद्धीने संपवल्या.

गाड्या गेल्या. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीपासून तीन दिवस गावातून ट्रक जात होते. वर बाजा, भांडी, कोंबड्यांची डालगी, आणि त्यांच्यावर माझा निम्मा वर्ग. बद्रीनाथने मला पाहिलं आणि ट्रकवरून ओरडला, "हजर, सर!" आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो. छबुबाईने नुसता सत्यशीलेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वर चढली. मग ट्रक सुरू झाल्यावर मला म्हणाली, "ध्यानात हाय ना, सर? पौष."

सत्यशीला मावशीकडे, म्हणजे साखराबाईकडे राहिली आहे.

आता मुद्द्याचं. मी पुष्कळ विचार केला आणि मला असं वाटतं, की दुसऱ्या शूटिंगची गरज नाही. हसू नकोस. आमच्या संस्कृत नाटकांचा दंडकच आहे, प्रयोगाचा शेवट मंगल असावा. रंगभूमीवर मृत्यू नको, वियोगाने पडदा पाडणं नको, शेवटी सर्वांचं कल्याण होवो म्हणून आशीर्वाद. दोन हजार वर्षांच्या विचारवंतांनी काही विचार करूनच हे ठरवलं असेल. भरलेला वर्ग, शेहेचाळीस आवाज, आणि मग एक प्रार्थना. पाहुणे प्रसन्न होतील. फिल्म बीडला लागेल, सत्यशीला राहील. रिकामे बाक दाखवून कोणाचं भलं होणार?

हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग ती फिल्म न्हाई सर, ग्रुप फोटो हाय."

तुम्ही दोघी एकमेकींना भेटला नाहीत, तरी तुमचं आधीच संगनमत झालेलं दिसतं.

तू कपिलधारला यात्रेला येणार असशील तर तिथे बोलू.

रुद्रप्पा


(कार्ड)
कडा, १० नोव्हेंबर

अण्णा,
कपिलधारला येणं होत नाही, घरात आजारपण आहे. मंगल शेवटाचं तू तुझ्या नाटकात बघ. सत्यशीलेला सांग, मी सोमवारी २४ तारखेला कॅमेरा घेऊन येते आहे. पहिल्या वेळी खुर्ची, टेबल, कॅमेरा कुठं होता त्याच्या खुणा फरशीवर खडूनं करून ठेवायला सांग. लग्नाच्या शूटिंगला मी नाही म्हणेन, याला नाही म्हणणार नाही.
जगू


कडा
२८ नोव्हेंबर १९९७

ती. रु. अण्णांस सा. न.

सुखरूप पोचले. वहिनीनं दिलेला ठेचा बसमध्ये सांडला, कॅमेऱ्याच्या पिशवीला वास येतोय. काल एका साखरपुड्याला हे पिशवी उघडत होते तर नवरीचा मामा म्हणाला, जेवण लागलं काय?

आता तुला राग येईल असं लिहिते.

बस सुटताना तू खिडकीशी आलास आणि हळूच म्हणालास, "जगू, तारखेवर काही लावता येतं का बघ." मी हो म्हणाले. नगरला जिथं आमचं मिक्सिंग होतं तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, काढता येणार नाही, झाकता येईल. कोपऱ्यात गुलाबाचं फूल बसवतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत उमलत राहील, लग्नात सगळे घेतात. तेव्हा गुलाब तयार आहे. १५ तारखेला मी मिक्सिंगला जाणार आहे, त्याच्या आत मला काय ते कळव.

पण अण्णा, तू गुलाब कशासाठी मागतोस ते मला कळलंय. तुझ्या गुडघ्यासाठी नाही.

सोमवारी टेबलावर कॅमेरा टेकायला जागा करताना मी हजेरीपट सरकवला. उघडाच होता. बद्रीनाथच्या नावापुढं सतरा तारीख 'ह'. अठरा 'ह'. एकोणीस 'ह'. सगळ्यांच्या पुढं 'ह'. शेहेचाळीस ओळी, एक खाडा नाही. आणि समोर बाकांवर सतरा पोरं बसली होती.

मग तू नावं घ्यायला लागलास. बद्रीनाथ. कुणी बोललं नाही. तू थांबलास, मनात चार मोजल्यासारखा, मग पुढचं नाव. मी कॅमेऱ्यातून बघत होते. पेन तुझ्या हातात होतं. प्रत्येक नावाला ते कागदापाशी जायचं आणि टेकायचंच नाही. एकोणतीस वेळा. सत्यशीलेचं नाव आलं आणि ती "हजर, सर" म्हणाली, तेव्हा एवढ्या मोठ्यानं म्हणाली की माझा हात हलला. तेवढा एकच धक्का आहे सगळ्या कॅसेटमध्ये.

त्या मिनिटाला कोपऱ्यात लिहून आलंय, २४-११-९७, ११:१२. म्हणजे तुझा हजेरीपट एक सांगतो आणि माझी कॅसेट दुसरं.

मी तुझी परीक्षा घ्यायला बसले नाही. तू मला पाढे शिकवलेस, सायकल शिकवलीस, लग्नात माझ्या सासऱ्यांशी भांडलास. गुलाब हवा असेल तर मी लावीन, कुणाला सांगणार नाही. पण मला निदान खरं लिही. सौंदर्यशास्त्र नको.

जगू


निंबटाकळी
८ डिसेंबर १९९७

चि. सौ. जगदेवीस आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं उत्तर तीनदा लिहिलं. पहिलं फार विनोदी झालं, दुसरं फार संस्कृत. हे तिसरं.

पट चाळीसच्या खाली गेला की 'ब' तुकडी जाते. तुकडी गेली की दोन शिक्षक जादा ठरतात, त्यातला एक संस्कृतचा, म्हणजे तुझा भाऊ. म्हणून दिवाळीनंतर आम्ही सगळ्यांना हजर धरतो. कोणी तसा आदेश दिलेला नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या आधीचे गुरुजी असंच करत होते, त्यांनी पेन माझ्या हातात दिलं, मी पुढे चालवलं. एकोणीस वर्षं. मनाशी म्हणत आलो, की पोरांसाठीच करतो, चैत्रात ती परत येतात तेव्हा त्यांचं नाव पटावर असतं, बाक असतो. हे खोटं नाही. पूर्ण खरंही नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सत्यशीलेला हौदापाशी बोलावलं आणि सांगून टाकलं. तारखेमुळे काय होऊ शकतं तेही. तुकडीचंही. मला वाटलं, पोर घाबरेल. तिने उलट मलाच विचारलं,

"सर, मी सहावीत कारखान्यावर व्हते. तवा बी मी हजर?"

"होतीस."

"समदं वर्स?"

"एकही खाडा नाही."

ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली. "अन् मला वाटायचं, म्या लई शाळा बुडविली!"

मग हसणं थांबलं. म्हणाली, "बद्रीनाथ तिकडं बैलं चारतोय, सर. हितं त्याला कावून बसवून ठिवलं तुमी? त्यो हितं हाय म्हनल्यावर त्याला कोन हुडकाया जाईल?"

जगू, मी काशीच्या पंडितांसमोर वाद घालून आलेला माणूस आहे (एकदाच, आणि हरलो, पण घातला). इथे मात्र मी सरळ गुलाबाकडे वळलो.

मी म्हटलं, गुलाब लावला तर कोणाला काही कळणार नाही आणि फिल्मही लागेल. तर म्हणाली, "तारीख झाकली तर बीडचे सायब म्हनत्याल, सुट्टीत काढलंय. रिकामं दिसतंयच की मग सुट्टीत. ऱ्हाऊ द्या तारीख." आणि पुढे, अगदी सहज, "तुमास्नी भ्या वाटत आसंल तर नका पाठवू सर. मी पौषात जाईन. आई काय मला खानार न्हाई."

ही धमकी नव्हती. ती मला मोकळं करत होती. त्यामुळे मला पळायला जागा राहिली नाही.

फिल्म बीडला पाठवायच्या प्रवेशपत्रावर मुख्याध्यापकांची सही लागते. मोहनरावांकडे गेलो, सगळं सांगितलं. ते आणि मी एकाच वर्षी लागलो, त्यामुळे एकांतात भाषेचा संकोच नाही. "रुद्रप्पा, कावून बे आगीत हात घालतो? तुझी बहीण गुलाब देती म्हणतोस, घे की गुलाब! लई छान दिसतो गुलाब." मी म्हटलं, गुलाब नको. "मग मी सही करत न्हाई." मी बसून राहिलो. त्यांनी चहा मागवला, पेपर वाचला, पुन्हा पाहिलं तर मी बसलेलोच. तेव्हा मी एक कागद लिहून त्यांच्यापुढे ठेवला: नववी 'ब'च्या पटावरील सर्व नोंदी माझ्या हातच्या आहेत, मुख्याध्यापकांनी त्या करण्यास सांगितले नाही. खाली सही, तारीख. तारीख ठळक घातली, आता तिच्याशी वैर संपलं आहे.

मोहनरावांनी कागद दोनदा वाचला, खिशात घातला आणि प्रवेशपत्रावर सही केली. उठताना म्हणाले, "येडा हायस." त्यांचा आवाज मात्र रागाचा नव्हता.

तेव्हा गुलाब नको. नगरच्या कलावंताला माझा नमस्कार सांग, आणि तो फारच खट्टू झाला तर शेवटी नावं येतात तिथे एक छोटासा लावू दे, सत्यशीलेच्या नावाशेजारी. तिला विचारून. नावांत 'कॅमेरा: सौ. जगदेवी' असं स्पष्ट यायला हवं, दुकानाचं नाव त्याच्याखाली. बसवेश्वरराव रुसतील, रुसू देत. सुरुवातीला एकच वाक्य, सत्यशीलेच्या आवाजातलं, ते तू टेप केलंच आहेस: ही नववी ब, सर हजेरी घेतायत. माझ्या सात पानांचं एवढंच उरलं, आणि मूळ मसुद्यात हे वाक्य नव्हतंच.

३ डिसेंबरपासून मी पट खरा भरतो आहे. रोज सतरा 'ह' आणि एकोणतीस 'गै'. पहिल्या दिवशी सवयीने तीन ठिकाणी 'ह' पडला, खाडाखोड झाली. आता वळण बसलं आहे. शिवाय सत्यशीलेने एक नवीन उद्योग काढला आहे. गैरहजर पोरं कोणत्या कारखान्यावर आहेत त्याची ती यादी करते आहे. घरोघर जाऊन मागे राहिलेल्या माणसांना विचारते. बावीस जणांचा ठावठिकाणा लागला. त्यातली सहा तुमच्या कड्याच्या कारखान्याकडे आहेत असं समजतं, बद्रीनाथही. तुला सवड झाली तर ऊसतोड्यांच्या झोपड्यांपर्यंत, त्या कोप्यांपर्यंत, एक चक्कर मार. कॅमेरा नेऊ नकोस. पुस्तकं पाठवतो ती दे, आणि त्याला सांग, सरांनी तुझा खाडा लावला आहे. त्याला ते कळेल.

तू खरं लिहायला सांगितलंस, म्हणून हेही लिहितो. नोकरीची भीती वाटत नाही असं लिहिणार होतो, पण वाटते. रोज सकाळी वाटते, शाळेच्या फाटकापर्यंत. तिथून पुढे ती कमी होते. दुसरी मात्र कमी होत नाही. फिल्म बीडला लागेल, साहेब लोक तारीख वाचतील, आणि जे सोपं आहे तेवढंच करतील, 'ब' तुकडी बंद करतील. मग चैत्रात ट्रक येतील, एकोणतीस पोरं उतरतील, दप्तरं घेऊन वर्गापाशी येतील आणि दाराला कुलूप असेल. आणि ते कुलूप मी लावलेलं असेल, खरं बोलून. सत्यशीला म्हणते, तसं होणार नाही. ती चौदा वर्षांची आहे. मला माहीत नाही, जगू. मला खरोखर माहीत नाही.

रुद्रप्पा